तापसाचा घास

सोमवार, ४

दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून बाहेर पडले. सकाळपासून एकच गिऱ्हाईक आलं होतं. पासपोर्टचे फोटो काढून घेतले आणि 'यात मी भलताच कोणीतरी दिसतो' म्हणून कुरकुरत गेलं.

विटांचा कारखाना बंद पडल्यापासून त्याच्यामागच्या मातीच्या खड्ड्यांत पाणी साठलंय. सगळे खड्डे एकमेकांत मिसळून आता मोठं तळंच झालंय आणि काठाची पाणकणसं माणसाच्या डोक्यावर गेलीत. मी अधूनमधून तिथं कॅमेरा घेऊन जाते. बदकं फोटोबद्दल तक्रार करत नाहीत.

आज वारा आला, पाणकणसं हलली आणि वारा पडल्यावर थांबली. त्यातलं एक जरा उशिरा थांबलं. मोठी लेन्स लावून पाहिलं, तर त्या कणसाला डोळा होता.

चोच सरळ आभाळाकडे, मान ताणलेली, मानेवरून खाली उतरलेल्या तपकिरी रेघा. शेजारच्या वाळक्या पानांत आणि त्याच्यात काही फरकच नाही. घरी येऊन पुस्तक काढलं. मोठा तापस. बगळ्याच्याच कुळातला, पण बगळ्यासारखा उघड्यावर न येणारा. आमच्या भागात तो आजवर कुणी पाहिल्याची नोंद नाही.

माझे सगळे फोटो हललेले आले. वीस वर्षं लोकांना 'हलू नका' सांगतेय, आणि आज मीच हलले.

यांना सांगितलं. "बगळाच ना?" म्हणाले.

"बगळा नाही, तापस."

"बरं," म्हणाले आणि पेपर उलटला.

बुधवार, ६

पक्षी सर्वेक्षणाच्या कार्यालयात गेले होते. तिथल्या बाई वयानं माझ्याएवढ्याच असतील. चष्मा गळ्यात अडकवलेला, टेबलावर फायलींची भिंत. माझे हललेले फोटो बघताना त्यांची खुर्ची आपोआप पुढं सरकली. मग परत मागं गेली.

"पक्षी तोच आहे," त्या म्हणाल्या. "पण त्या जागेवर गोदामं होणार आहेत. पाणी उपसून खड्डे बुजवायची परवानगी जवळजवळ झालीय. एक पक्षी उभा दिसला म्हणून काम थांबत नाही. म्हणतील, जाता जाता टेकला असेल."

"मग काय लागेल?"

"तो तिथं राहतोय, खातोय, हे दिसायला हवं. शिकार करताना, स्पष्ट. तसा फोटो आणलात तर मी थांबवायची शिफारस करते. आणि मासे टाकून बोलावलेला नको. ते आमच्या लक्षात येतं."

"असले उद्योग मी करत नाही," मी जरा ठसक्यातच म्हटलं.

परत येताना अर्ध्या वाटेत डोक्यात उजेड पडला. पाणी उपसणार कोण? हेच की. कारखाना गेला तरी पंपावर यांनाच ठेवून घेतलंय नव्या कंपनीनं. घरी आल्या आल्या विचारलं.

"सोमवारी नवीन इंजिन सुरू होतंय," म्हणाले.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू कुठं विचारलंस?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे भिंतीतला खिळा काढण्यासारखं आहे.

शनिवार, ९

मातीच्या ढिगाऱ्याआड ताडपत्री बांधून आडोसा केला. आत प्लास्टिकचं स्टूल, कॅमेऱ्याचा स्टँड आणि मी. ताडपत्रीला बोटभर फट. सकाळी तो चालताना दिसला. एक पाय उचलतो, बोटं मिटतो, पाय पाण्यात ठेवण्याआधी इतका वेळ घेतो की आपलाच पाय अवघडतो. डोळे चोचीच्या खालून पाण्यात बघतात. दहा-बारा पावलं अशी टाकली आणि पाणकणसांत शिरला तो शिरलाच. खाल्लं काहीच नाही.

घरी येऊन भांडले. स्पष्टच लिहिते, भांडण उकरून मीच काढलं.

"तुम्ही नाही म्हणा ना त्या कामाला," मी म्हटलं.

"मी नाही म्हटलं तर दुसरा येईल."

"येऊ दे. निदान माझ्या घरातला माणूस तरी नसेल."

"दुसरा आला तर धडाधड उपसेल," म्हणाले आणि ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं.

स्वतःच्या कामाचा एवढा अभिमान असलेला माणूस पहिल्यांदाच पाहिला, की जो म्हणतो दुसरा माझ्यापेक्षा चांगलं करेल. मी तोंड फिरवून बसले.

सोमवार, ११

इंजिन सुरू झालं. आडोशात बसले होते तरी छातीत धडधड जाणवत होती. पलीकडच्या टोकाला पंपघर, तिथून काळा धूर. तापस आज दिसलाच नाही. दुपारनंतर काठाशी ओल्या चिखलाची पट्टी उघडी पडलेली दिसली. सकाळी तिथं पाणी होतं.

संध्याकाळी हे साबणानं हात घासत उभे होते. म्हणाले, "अजून किती दिवस चालायचं हे तुझं?"

"तुम्हाला काय त्रास होतोय त्याचा?"

"तसं नाही. अंदाज असावा म्हणून."

अंदाज म्हणे.

बुधवार, १३

दैव माझ्या बाजूनं आहे असं दिसतंय. इंजिन सारखं बंद पडतंय. पंपावरचा यांचा जोडीदार आहे, त्याला सगळे पैलवान म्हणतात, कारण फुंकर मारली तर उडून जाईल अशी त्याची तब्येत. तो रस्त्यात भेटला. म्हणाला, "वहिनी, इंजिन धडधडतं, पण पंपाला फिरवणारा पट्टा सैल पडतो. नुसता घसरतो. पाणीच ओढत नाही. दादा आवळतात, पुन्हा तेच."

"नवा पट्टा आहे ना?"

"कोरा करकरीत," म्हणाला आणि उगाचच हसला.

यांच्याकडून एवढं साधं काम होत नाही याची एरवी मला लाज वाटली असती. आज बरं वाटलं.

आता एक गोष्ट लिहायची राहिली. आज मी बाजारातून जिवंत वाम घेतल्या. बादलीत, वर ओलं फडकं टाकून. सापासारखे ते लांब मासे बादलीत एकमेकांभोवती वळत होते. चिखलाच्या पट्टीवर दोन सोडल्या, तर कुणाला कळणार आहे? बादली घेऊन आडोशात बसले. बाईंचा चष्मा सारखा डोळ्यांसमोर येत होता. तासभर बादलीची कडी धरून बसले आणि तशीच उठले.

वाटेत नणंदबाई भेटल्या. त्या मागच्याच गल्लीत राहतात, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. "हे काय, मासे फिरायला नेले होतेस?" त्यांनी विचारलं. बादली त्यांच्याच हातात दिली. खूश झाल्या.

रविवार, १७

सुट्टीमुळे इंजिन बंद. खालून झरे आहेत, त्यामुळे पाणी थोडं चढलंसुद्धा. सकाळी तो बाहेर आला. अगदी उघड्यावर, चिखलाच्या कडेला. मान आत ओढली, पाठीचे पंख किंचित फुगले. चोच गेली, पाणी उडालं, काहीतरी चमकलं आणि गिळलंही गेलं. पण सगळा वेळ त्याची पाठ माझ्याकडे. फोटोत एक तपकिरी पोतं पाण्याकाठी ठेवल्यासारखं दिसतंय.

रडू आलं. बेचाळिसाव्या वर्षी पक्ष्याच्या पाठीवरून रडणं शोभत नाही, पण आलं. हे दारात उभे राहून बघत होते. थोड्या वेळानं 'पाय मोकळे करून येतो' म्हणाले आणि चप्पल घालून गेले. दिवेलागणीला परत आले ते बाहीला वंगण फासून. सुट्टीच्या दिवशी, धुतलेल्या शर्टाला. मी त्यावरून जे काही बोलले ते इथं लिहीत नाही.

मंगळवार, १९

बाईंचा फोन आला. फाइल शुक्रवारी संध्याकाळी वर जाणार. त्याआधी फोटो हवा, नंतर उपयोग नाही.

पैलवानाकडून आणखी एक कळलं. कंपनीचे इंजिनियर साहेब येऊन यांना सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले. आठवडा झाला, खड्डा अर्धाही रिकामा नाही, काम जमत नसेल तर घरी बसा. हे खाली मान घालून ऐकत राहिले म्हणे. घरी एक अक्षर नाही.

जेवताना हे म्हणाले, "शुक्रवारपर्यंत होईल का तुझं?"

बाईंचा फोन यांनी ऐकला असणार. मला टोमणाच वाटला. "ते तुमच्या इंजिनाला विचारा," मी म्हटलं.

मान हलवली, जणू मी साधं उत्तर दिलंय. असं कसं हलवतात मान? समोरचा माणूस चिडलाय हेसुद्धा कळत नाही यांना.

गुरुवार, २१

दिवसभर आडोशात. एकदा मान दिसली, बाकी काही नाही. इंजिन दुपारपर्यंत नीट चाललं. पाणी खूप खाली गेलंय. मधल्या चरात तेवढं उरलंय, त्यात सगळे मासे गोळा झाले असणार. उद्या शेवटचा दिवस.

शनिवार, २३

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितेय. हे आत झोपलेत. काल काय झालं ते क्रमानं लिहिते, नाहीतर माझ्याच डोक्यात त्याचा गुंता होईल.

काल उजाडताच आडोशात गेले. इंजिन सुरू होतं, जोरात, आजवर कधी चाललं नव्हतं तसं. चरातलं पाणी डोळ्यांदेखत उतरत होतं. तापस पाणकणसांच्या कडेला उभा होता, चोच वर करून. इंजिन चालू असताना तो बाहेर येत नाही, हे मला आता पाठ झालं होतं. तोही थांबला होता, मीही थांबले होते. डोक्यात एकच, की आता संपलं.

मग इंजिन एकदम बंद पडलं. हळूहळू नाही, खाडकन. इतकी शांतता झाली की कानात घुमायला लागलं. मनात म्हटलं, देव पावला. हे शब्द मी मनात म्हटले, हे मला इथं लिहिलंच पाहिजे.

त्याची चोच हळूच खाली आली. एक पाऊल, दुसरं. चराच्या काठाशी आला आणि मान आखडून घेतली. या वेळी बाजू माझ्याकडे, ऊन त्याच्या डोळ्यावर. माझं बोट बटणावर.

चोच पाण्यात गेली आणि वर आली ती वाम घेऊन. त्याच्या मानेएवढी लांब. तिनं चोचीला विळखा घातला. त्यानं तिला चिखलावर आपटलं, ती सुटली, त्यानं पुन्हा पकडलं, डोक्याच्या मागं. आता तिनं त्याच्या गळ्यालाच वेढा दिला. तो पाय फाकवून उभा राहिला, डोळे मिटले, उघडले.

तेव्हा खिशात फोन थरथरायला लागला.

आवाज बंद केलेला होता, पण त्या शांततेत ती घरघर मला इंजिनाएवढी वाटली. डाव्या हातानं काढून पाहिला. पैलवान. इंजिन बंद पडलंय हे सांगायला करत असेल, ते काय मला माहीत नाही? फोन मांडीखाली दाबला. थांबला. पुन्हा सुरू. पुन्हा पैलवान. मग नणंदबाईंचं नाव आलं.

नणंदबाई मला सकाळच्या वेळी कधीही फोन करत नाहीत. तेव्हा मला कळलं की काहीतरी झालंय. हे अगदी स्वच्छ कळलं. आणि तरी मी डोळा कॅमेऱ्यावरून हलवला नाही. वामेचा विळखा त्याच्या गळ्यावर घट्ट होत होता आणि तो ढळला नव्हता. मी बटण दाबत राहिले. शेवटी त्यानं मान झटकली, वेढा ढिला पडला, तिचं डोकं त्याच्या चोचीत आत सरकलं. गळा फुगला आणि ते फुगणं हळूहळू खाली गेलं. नंतर शेपटीचं टोक ओठ पुसावे तसं आत ओढून घेतलं. मग तो आभाळाकडे चोच करून उभा राहिला आणि पुन्हा कणीस झाला.

मग मी फोन उचलला.

यांच्या उजव्या हाताची बोटं इंजिनाच्या पट्ट्यात गेली होती, आणि पैलवानानं झटकन इंजिन बंद केलं होतं. मी पंपघरापाशी धावत पोचले तेव्हा यांना घेऊन गेलेसुद्धा होते. जमिनीवर एक पाना पडला होता, आणि नणंदबाई नुसत्या उभ्या होत्या. "कुठं होतीस गं?" एवढंच विचारलं त्यांनी. मी हातातला कॅमेरा पाठीमागं नेला.

अंगठा आणि करंगळी वाचली. मधली तीन गेली.

फोटो बाईंकडे कुणी पोचवले? नणंदबाईंनी. दुपारी मी इथं भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी गळ्यातून कॅमेरा काढून घेतला, पत्ता विचारला आणि गेल्या. जाताना म्हणाल्या, "आता एवढं झालंय, तर निदान ते तरी होऊ दे."

मंगळवार, २६

बाई स्वतः इस्पितळात आल्या होत्या. काम थांबलंय. पुढचं सर्वेक्षण होईपर्यंत खड्ड्यांना कुणी हात लावायचा नाही. फोटो बघून त्यांच्या कार्यालयात कोणी जागचं उठेना म्हणाल्या. मी मान हलवली. यांच्यासारखी.

दुपारी पैलवान आला. पलंगाशी बसवेना त्याला, म्हणून बाहेर आम्ही दोघं उभे राहिलो. मी विचारलं नेमकं कसं झालं.

"साहेब अचानक आले, वहिनी. पहाटेच. दादांनी तेवढ्यात पट्टा आवळून टाकला होता, म्हणून सुरुवातीला जोरात चाललं. साहेब बघत उभे. ते जरा पलीकडं फोनवर बोलायला गेले, तर दादा लगेच पाना घेऊन वाकले. इंजिन चालूच. मी म्हटलं, दादा, आधी बंद करा. म्हणाले, बंद केलं तर त्यांना कळेल."

"काय कळेल?"

पैलवानानं माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "दादांनाच विचारा," म्हणाला.

कळेल म्हणजे काय, पट्टा पुन्हा सैल झाला हेच ना? साहेबांच्या बोलण्याची एवढी धास्ती घेतली होती यांनी. आयुष्य इंजिनांवर काढलेला माणूस, चालत्या पट्ट्याजवळ हात नेतो. भीतीनं माणसाची अक्कल जाते. आणि त्या भीतीत भर घालणारी मी, रोज घरी टोमणे मारत होते. हे मला आता छळतं.

नोकरी गेल्यातच जमा आहे. साहेब भेटायलाही आले नाहीत.

रविवार, ३१

कालपासून हे घरी आहेत. डाव्या हातानं जेवतात, सांडतात, मी पुसायला गेले की हात अडवतात. दाढी मी करून दिली. हनुवटी वर करा, थोडी डावीकडे, असं म्हणताना माझ्या लक्षात आलं की मी यांचा फोटो गेल्या कित्येक वर्षांत काढलेला नाही.

दुपारी स्वतःहून म्हणाले, "दाखव की तो."

फोटो मोठा छापून आणलाय. टेबलावर पसरला. वाम गळ्याभोवती, पाय फाकवलेले, ऊन डोळ्यात. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. ते वाकून कितीतरी वेळ फोटोचा खालचा भाग बघत राहिले.

"पाणी फारच खाली गेलं होतं की," म्हणाले. "मला वाटलं होतं, अजून हातभर तरी असेल."

एवढ्या फोटोत यांना पाणीच दिसलं.

मग मी सांगून टाकलं. फोन वाजत होता. नाव दिसलं होतं. काहीतरी झालंय हे कळलं होतं आणि मी उचलला नाही. त्यानं घास गिळेपर्यंत नाही. सांगताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही, टेबलाच्या कडेकडे बघत होते.

बोलतील ते ऐकायला मी तयार होते.

"उचलला असतास तर उडाला असता तो," म्हणाले.

"हो."

"मग काय उपयोग झाला असता?"

"कशाचा?" मी विचारलं.

त्यांनी बँडेजचा हात टेबलावरून उचलून मांडीवर घेतला. "काही नाही. पाणी चढतंय का ते बघून ये एकदा."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. रागावलेत की काय, काही कळेना. रागावलेले नव्हते. उलट, परीक्षेचा निकाल लागल्यावर दिसतात तसे दिसत होते, आणि मला निकाल कशाचा ते ठाऊक नव्हतं.

"उद्या दोघंही जाऊ," मी म्हटलं.

ते उठले आणि डाव्या हातानं पलंगाखाली चपला चाचपायला लागले. उद्या म्हटलं मी, आज नाही. तरी एक सापडली होती, ती पायात घालून दुसरी शोधतच राहिले.

मग मीच वाकून काढून दिली, आणि आजच गेलो.